एकतीस नंबरचा इशारा

वळ गावच्या त्या गोडाऊनमध्ये भोईरांच्या घरातली दोन माणसं कामाला होती. जमीन भाड्याने देताना केसरीनाथ भोईरांनी कंपनीच्या माणसांना बजावलं होतं, की आमच्यातलं एक माणूस आत पाहिजे. म्हणून त्यांचा धाकटा भाऊ काळूराम डॉकवर सुपरवायझर झाला. ट्रक लागायचे, माल उतरायचा, तिथे त्याचा आवाज चालायचा. सात वर्षांनी केसरीनाथांची मुलगी निशा आयटीची पदवी घेऊन वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात बसली. तिच्यासाठी मात्र कुणी शब्द टाकला नव्हता. मुलाखत देऊन ती आली होती, आणि हे ती विचारलं नसतानाही सांगायची.

निशाचं काम यादीचं होतं. ट्रक यायच्या आधी मालाच्या मालकाकडून एक यादी येई. मालाचं नाव, किती नग, किती वजन, कधीपर्यंत टिकेल, धोक्याचा आहे का, असला तर कुठल्या वर्गातला. ही यादी कॉम्प्युटरवर तपासणारा प्रोग्राम निशाने लिहिला होता. कुठे रकाना रिकामा असला, वजनाच्या जागी नाव पडलेलं असलं, की प्रोग्राम ते पकडायचा आणि डॉकवरच्या टॅबवर दाखवायचा.

पहिल्या आठवड्यातच काळूराम जिने चढून वर आला. त्याच्या हातात टॅब होता.

"निशे, हे काय लिवलास गो? 'अवैध मूल्य, स्तंभ सात.' मना काय समजनार याच्यात?"

"काका, म्हणजे सातव्या रकान्यात चुकीचं काहीतरी आहे."

"मंग तसा लिव ना. कंच्या मालाचा, काय चुकलाय, न मी काय करू. तीन गोष्टी सांग. मी ट्रक थांबवू का जाऊ देऊ, येवढाच मना पायजे."

काळूराम आठवी शिकलेला. मराठी नीट वाचायचा, पण सावकाश, ओठ हलवत. इंग्रजी अक्षरं त्याला आकड्यांपुरतीच कळायची. त्याच्या शेजारी बसून निशाने ते सगळे संदेश पुन्हा लिहिले. दोन दुपारी गेल्या. "वजन लिहिलेलं नाही. काट्यावर घालून वजन घ्या, मग आत न्या." "हा माल धोक्याचा आहे की नाही ते कळत नाही. ट्रक बाहेर थांबवा आणि ऑफिसला विचारा." प्रत्येक वाक्य काळूराम मोठ्याने वाचून बघायचा. अडखळला की निशा शब्द बदलायची. कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, ते तिला त्या दोन दुपारींत समजलं. प्रोग्रामला चूक सांगायची तर एक आकडा पुरतो. माणसाला सांगायची तर त्याने पुढे काय करायचं, तेही त्यात यावं लागतं.

पाच-सहा महिने हे चाललं. मग गोडाऊन वाढलं, दिवसाला पंधरा ट्रक यायचे तिथे पन्नास यायला लागले, आणि संदेशांचा पूर आला. बहुतेक फालतू असायचे. तारीख उलटी लिहिली, नावात एक जागा जास्त सुटली, पिनकोडचा एक आकडा कमी. प्रत्येकाला टॅबवर "समजलं" असं बटण दाबावं लागे.

मॅनेजर कुणाल कल्याणहून यायचा. तिशीतला, डोकं शांत, कुणावर ओरडायचा नाही. एकदा तो निशाला घेऊन खाली डॉकवर आला आणि खांबाशेजारी उभा राहिला.

"काही बोलू नकोस. फक्त बघ," तो म्हणाला.

काळूराम एका ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगत होता. एका हाताने इशारे चालू होते, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो टॅबवर "समजलं" दाबत होता. एकामागून एक, अकरा वेळा. टॅबकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"तुझे संदेश चांगले आहेत," वर आल्यावर कुणाल म्हणाला. "पण कोणी वाचत नाही गं. इतके आले तर मीही वाचणार नाही. माणसांना फक्त दोनच गोष्टी सांग, घ्या किंवा थांबवा. बाकीचं सगळं सॉफ्टवेअरला पाठव. ते कंटाळत नाही, सगळं वाचतं."

निशाला ते पटलं. पुढे तिने कितीदा तरी तो क्षण आठवून पाहिला, आणि दर वेळी तिला हेच दिसलं, की साहेबांनी दाबून तिच्याकडून काही करून घेतलं नव्हतं. तिला खरोखरच पटलं होतं.

तिने चुकांचे दोन ढीग केले. ज्या चुकीने यादीच नाकारावी लागेल, ती टॅबवर लाल अक्षरांत दिसणार. बाकीच्या चुका म्हणजे नुसते इशारे. प्रत्येक इशाऱ्याला एक नंबर, आणि तो नंबर सरळ दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणार, कुठला माल कुठल्या रॅकवर ठेवायचा हे ठरवणाऱ्या. तो प्रोग्राम बाहेरच्या एका कंपनीने लिहिलेला होता. धोक्याच्या वर्गाचा रकाना भरलेला आहे पण त्यातलं लिखाण ओळखता येत नाही, यासाठी इशारा क्रमांक एकतीस. तो लाल ढिगात टाकावा असं तिच्या मनात आलं होतं. पण त्या रकान्यात लोक काहीही लिहायचे, कुणी "नाही", कुणी नुसती रेघ, कुणी "साधा". सगळे लाल केले असते तर रोज दहा ट्रक फाटकाबाहेर उभे राहिले असते.

रॅकवाल्या कंपनीतला हितेश तिच्याशी फोनवर बोलायचा. तिने त्याला विचारलं, "एकतीस आला तर तुमचा प्रोग्राम काय करतो?"

"बघून सांगतो."

चार दिवसांनी तिने मेल केला. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. दुसरी कामं होती.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, पोहण्याच्या तलावात टाकतात त्या क्लोरीनच्या गोळ्यांचे साठ ड्रम आले. या गोळ्यांचा धोक्याचा वर्ग पाच पूर्णांक एक. यादी भरणाऱ्या कारकुनाने मधे टिंब द्यायच्या ऐवजी आडवी रेघ दिली, आणि एक्सेलने आपल्या बुद्धीने तिची तारीख केली, पाच जानेवारी. निशाच्या प्रोग्रामने ती चूक अचूक पकडली. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं आणि सहा सेकंदांनी त्याने पुढे कळवलं: ओळ चौदा, रकाना सात, इशारा एकतीस. रॅकच्या प्रोग्रामने तो त्याच सेकंदाला घेतला. त्याला फक्त यादी स्वीकारली की नाकारली एवढंच वाचता येत होतं. यादी स्वीकारली होती. वर्ग समजला नाही, म्हणून त्याने त्या जागी आपल्याकडचा नेहमीचा शब्द घातला, साधा माल.

काळूरामच्या टॅबवर हिरव्या अक्षरांत आलं, "माल घ्या. साधा माल. रॅक क ९, खालचा कप्पा."

त्याच रॅकच्या वरच्या कप्प्यात संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटल्यांची खोकी होती. गोळ्या धोक्याच्या आहेत हे कळलं असतं, तर प्रोग्रामने ते ड्रम ॲसिडखाली ठेवू दिलेच नसते.

दुपारी अडीचच्या सुमारास फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या विशालकडून वरच्या कप्प्यातल्या एका खोक्याला पातं लागलं. रोज कुठे ना कुठे लागतंच. चार-पाच बाटल्या फुटल्या आणि ॲसिड खाली ठिबकायला लागलं. खालच्या एका ड्रमचं झाकण उतरवतानाच तडकलेलं होतं. ॲसिड आतल्या गोळ्यांवर पडलं आणि क्लोरीनचा विषारी वायू सुटला.

दोन लोडर खोकत बाहेर आले. डोळ्यांतून पाणी येत होतं. काळूराम फाटकाजवळ होता, तो धावत आला. आत जाण्याआधी त्याने टॅब बघितला, हे विशालने नंतर सगळ्यांना सांगितलं. थांबून, ओठ हलवत, नीट वाचला. क ९ वर काय काय आहे? वर ॲसिड. खाली साधा माल.

"संडासवाला ॲसिड फुटलाय, दुसरा काय न्हाय," तो म्हणाला. "विशाल, तू गाडी बाहेर काढ. मी खोकी बाजूला करतो, न्हायतं खालचा माल खराब होल."

त्याने रुमाल ओला करून तोंडाला बांधला आणि आत गेला. दोन खोकी त्याने बाहेर आणून ठेवली. रुमाल खाली ओढून, खोकत म्हणाला, "वास येगला हाय. पिवला पिवला दिसतो." विशालने त्याचा हात धरला. काळूरामने तो सोडवून घेतला. गिऱ्हाइकाचा माल आपल्या डॉकवर खराब झाला, असं त्याच्या सात-आठ वर्षांत झालेलं नव्हतं. गळका ड्रम ओढून काढायला तो पुन्हा आत गेला, आणि बाहेर आला नाही. तोंडाला फडकी बांधून विशाल आणि आणखी एकाने त्याला पायांना धरून ओढून काढलं.

निशाला वरच्या मजल्यावर आरडाओरडा ऐकू आला. ती खाली पोचली तेव्हा काळूराम उघड्यावर, पावसाच्या भुरभुरीत, एका कुशीवर पडलेला होता. ओठ निळे झाले होते. तिच्याकडे बघून त्याने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटला नाही.

ठाण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये तो नऊ दिवस होता. फुप्फुसं भाजल्यासारखी झाली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. काचेपलीकडे मशीन त्याच्यासाठी श्वास घेत होतं. काळूरामची बायको कमळ बाहेरच्या बाकावर बसून असायची, येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सच्या तोंडाकडे बघत. नवव्या दिवशी सकाळी तिला आत बोलावलं, तेव्हाच तिला समजलं.

कंपनीने चौकशीला तिघांची समिती नेमली. त्यांनी निशाकडे प्रोग्रामच्या नोंदी मागितल्या. तिने छापून दिल्या. पहिल्याच पानावर ती ओळ होती. ती बघून समितीतल्या एकाने समाधानाने मान हलवली. "म्हणजे सिस्टिमने आपलं काम केलेलं आहे. इशारा दिलेला आहे."

"हो, पण तो..." निशा म्हणाली.

"वेळ अगदी सेकंदासकट आहे. छान." त्याने पान उलटलं.

महिन्याभराने अहवालाचा मसुदा आला. यंत्रणेने वेळेत इशारा दिला होता. ड्रमवर धोक्याचं चिन्ह आणि सूचना छापलेली होती. डॉक सुपरवायझरने ती पाहिली नाही आणि निष्काळजीपणे आत प्रवेश केला. ड्रमवरची सूचना इंग्रजीत होती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक प्रत काळूरामच्या घरीही गेली.

त्या संध्याकाळी कमळने निशाला बोलावून घेतलं. ती मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि कागद पुढे केला.

"यो कागद काय सांगतो ता मना वाच."

निशाने वाचला. "निष्काळजीपणे" या शब्दाशी ती थांबली, मग तोही वाचला.

"म्हंजे मशीनला ठाव होता," कमळ म्हणाली.

"हो, काकी."

"कवापासून?"

"सकाळी अकरा बेचाळीसपासून."

"न तो गेला दुपारी." कमळने बोटं मोजली. "तीन तास मशीनला ठाव होता. मंग कोनाला सांगितलान त्याने?"

"दुसऱ्या मशीनला."

"न मानसाला?"

निशाला वाटलं, इथे काहीतरी अवघड बोलता येईल. असे इशारे दिवसाला शेकड्याने येतात, दुसरा प्रोग्राम आमचा नव्हता, हितेशने उत्तर दिलं होतं. सगळं खरं होतं.

"माणसाला सांगायची सोय होती, काकी. काकानेच मला शिकवली होती. 'ट्रक थांबवा आणि ऑफिसला विचारा' असं त्याला दिसलं असतं. ती सोय मी काढून टाकली."

"कोनी सांगितला काढायला?"

"साहेब म्हणाले. पण काढली मी. मला तेव्हा बरोबर वाटलं होतं. काका न वाचताच बटण दाबायचा, ते मी बघितलं होतं."

कमळने सूप पुढे ओढलं. "तवा दाबायचा आसंल," ती म्हणाली. "त्या दिवशी तं त्याने वाचला ना?"

तिने सूप उचललं आणि आत गेली. निशा थोडा वेळ तिथेच बसून राहिली. आतून भांड्यांचा आवाज आला, पण कुणी बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने समितीला पत्र लिहिलं, दोन पानी, मराठीत. इशारा सॉफ्टवेअरला दिला गेला, माणसाला नाही. माणसाच्या टॅबवर "साधा माल" असं आलं आणि काळूराम भोईर ते वाचून त्याप्रमाणे वागले. इशारा क्रमांक एकतीस माणसांना न दाखवण्याचा निर्णय माझ्या हातून अमलात आला. पलीकडचा प्रोग्राम त्या नंबरचं काय करतो, याचं उत्तर मला मिळालं नव्हतं आणि मी पुन्हा विचारलं नाही.

केसरीनाथांनी ते पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. भाऊ गेल्यापासून ते ओटीवर एकटेच बसून असायचे. "याच्यानं काळू परत येनार का?" त्यांनी विचारलं. "तो गेला. आता तुझा नाव मी स्वताच्या हातानं त्यांच्यापुढे ठेवू?"

"तुम्ही नका ठेवू, बाबा. मीच देते."

कुणालने पत्र त्याच्या टेबलाशी उभं राहूनच वाचलं. "हे दिलंस तर पहिलं बोट तुझ्याकडे येईल."

"माहीत आहे."

"आणि दुसरं माझ्याकडे."

"तेही माहीत आहे, सर."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. निशाला वाटलं, तो आता फाडेल. पण संध्याकाळी त्याने पत्र समितीकडे पोचवलं आणि त्याखाली आपलीही सही केली होती. पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली. निशाला कुणी काढलं नाही. तिला याद्यांच्या कामावरून उचलून मालाची मोजदाद करायला बसवलं, आणि दिवाळीच्या आधी तिने स्वतःच राजीनामा दिला. डॉकवरच्या टॅबवर आता पुन्हा सगळे इशारे येऊ लागले होते, फालतू आणि मोठे, एकाच रंगात, दिवसाला दीड-दोनशे. सुरक्षेसाठी, असं कंपनीने कळवलं होतं.

शेवटचा अहवाल डिसेंबरात आला. "निष्काळजीपणे" हा शब्द त्यातून गेला होता. त्याच्या जागी लिहिलं होतं, "मानव व यंत्रणा यांच्यातील संवादाच्या त्रुटीमुळे." निशाचं पत्र शेवटी जोडलेलं होतं, परिशिष्ट म्हणून, बारीक अक्षरांत.

ती प्रत घेऊन ती कमळकडे गेली. या वेळी न विचारताच तिने वाचून दाखवलं.

"काकावरचा ठपका काढला त्यांनी," ती म्हणाली. "त्याची चूक नव्हती असं झालं."

"मंग कोनाची झाली?"

"कोणाचीच नाही, असं लिहिलंय."

"न तू काय लिवलास?"

"माझी."

कमळने कागद तिच्याकडून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने शेवटचं पान उघडून त्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं. मग पान मिटून मांडीवर ठेवलं.

"तू खरा बोललीस," ती म्हणाली. "मना तुझा राग न्हाय करायचा. पन तू दिसलीस का मना त्या दोन दुपारी आठवतात. घरी येऊन सांगायचा, माझी पोरगी मना इचारून लिवते, माझ्या शब्दांनी मशीन बोलते. जेवताना पन तेच." तिने मांडीवरचा कागद सरळ केला. "तू नको येऊ गो थोडं दिवस."

"किती दिवस, काकी?"

"मना ठाव न्हाय."

निशा उठली. ओटीवरून उतरून ती सपाता घालायला लागली. कमळने आतून दार लोटून घेतलं; कडी लागल्याचा आवाज झाला नाही. निशा क्षणभर थांबली, मग रस्त्याला लागली. समोरून कंटेनर येत होता, त्याला वाट द्यायला ती गटाराच्या कडेला सरली आणि तो जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.